चावडीतल्या महायुद्धाच्या शिळेवर आकडे आहेत, नावे नाहीत. ती कशी शोधावीत?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमचे गाव शिराळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात आहे. गावच्या जुन्या चावडीच्या दर्शनी भिंतीत एक पांढरी संगमरवरी शिळा बसवलेली असून तिच्यावर इंग्रजीत एवढाच मजकूर आहे की, या गावातून अमुक इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले आणि त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले. दर दिवाळीला भिंतीबरोबर तिलाही चुन्याचा हात मिळत गेल्यामुळे निम्मी अक्षरे बुजली आहेत आणि एका कोपऱ्यावर कोणीतरी विजेच्या मीटरची फळी ठोकून ठेवली आहे. आता चावडी उतरवून तिच्या जागी ग्रामपंचायतीची नवी इमारत व्हायची आहे. शिळा जपून काढून नव्या इमारतीत लावावी, यावर ग्रामसभेत एकमत झाले; परंतु त्याच सभेत एका तरुण मुलाने विचारले की हे गेले ते कोण होते, त्यांची नावे कोठे आहेत, आणि तेव्हा सरपंचांपासून वयोवृद्धांपर्यंत कोणालाच उत्तर देता आले नाही.

गावात दुसऱ्या महायुद्धातले, १९६२, १९६५ आणि १९७१ चे सैनिक सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे फोटो शाळेत आहेत आणि १५ ऑगस्टला त्यांच्या घरच्यांना मानाने बोलावले जाते. पहिल्या महायुद्धाविषयी मात्र ‘आमचे खापरपणजोबा जर्मनच्या लढाईला गेले होते’ किंवा ‘त्यांच्यातला एक जण बसऱ्याला राहिला’ एवढीच वाक्ये शिल्लक आहेत, आणि तीही दोन-तीन घरांतच.

माझे तीन प्रश्न आहेत. ही नावे आज, शंभराहून अधिक वर्षांनी, खात्रीने मिळू शकतात का आणि कोठे? नव्या फलकावर फक्त मृतांची नावे घ्यावीत की जाऊन परत आलेल्यांचीही? आणि तिसरा, ज्यावरून गावात आत्ताच वाद सुरू झाला आहे तो म्हणजे, ही माणसे इंग्रजांच्या फौजेतून लढली असल्याने त्यांना ‘हुतात्मा’ म्हणावे की नाही? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


जुनी दप्तरे

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी ‘होय’ असे आहे, मात्र मृतांच्या बाबतीत. परत आलेल्यांची नावे शोधणे कितीतरी अवघड आहे. त्याविषयी शेवटी लिहितो.

मृतांसाठी सर्वांत आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी पाहावी. ती इंटरनेटवर विनामूल्य शोधता येते. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत असताना ज्यांचा मृत्यू झाला, त्यांची नोंद या संस्थेकडे असते. म्हणजे लढाईत पडलेलेच नव्हेत, तर तापाने, पटकीने किंवा तुर्कांच्या कैदेत वारलेलेही त्यात येतात. आपल्या भागातील बहुतेक शिपाई मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले होते, त्यामुळे त्यांची नावे ‘बसरा मेमोरियल’ या शीर्षकाखाली सापडतील.

या स्मारकाची कथा आपल्या शिळेसारखीच आहे. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि ज्यांची कबर ज्ञात नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते १९२९ साली उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचे नाव आणि पुढे मृतांची संख्या, एवढ्यावर भागवण्यात आले. २०२१ साली या संस्थेनेच नेमलेल्या समितीने जो अहवाल दिला, त्यात आफ्रिका, आशिया, मध्यपूर्व इत्यादी भागांतील ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि आणखी किमान १,१६,००० जणांची नावे कोठेच नोंदली गेली नसावीत, असे मान्य करून संस्थेने जाहीर क्षमा मागितली. तेव्हा आकडा आहे आणि नाव नाही, ही केवळ आपल्या गावची गोष्ट नव्हे. ती त्या काळच्या सरकारी स्मरणाची रीतच होती. सुदैवाने दगडावर न कोरलेली बसऱ्याची बरीच नावे कागदी नोंदवह्यांत उतरवलेली होती, आणि तीच आज संगणकावर आली आहेत.

आता शोधण्याची पद्धत सांगतो, कारण येथेच बहुतेक लोक अडतात आणि ‘आमच्या गावचे कोणी नाही’ असे म्हणून सोडून देतात.

आपण ‘सांगली’ असे लिहून शोधले तर काहीही मिळणार नाही. त्या काळी सांगली हे एक संस्थान होते आणि आपला प्रदेश सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली जिल्हा हे नाव मिळाले. शिवाय शिराळा हा स्वतंत्र तालुका नसून वाळवे तालुक्यातला एक पेटा, म्हणजे तालुक्याचा पोटविभाग, होता. त्यामुळे आपल्या गावच्या शिपायाच्या नोंदीत वडिलांचे नाव, गाव, ‘वाळवे’ आणि ‘सातारा’ असा क्रम असण्याची शक्यता अधिक आहे. हेच इतरांनाही लागू पडते: महाड, माणगावकडची माणसे ‘कुलाबा’ जिल्ह्यात शोधावी लागतात आणि आजच्या सिंधुदुर्गातली ‘रत्नागिरी’त किंवा ‘सावंतवाडी संस्थाना’त.

नावांच्या लेखनाची तर बातच नको. नोंद करणाऱ्या कारकुनाने जे ऐकले ते इंग्रजीत लिहिले, मग ते कोणीतरी नकलले आणि पुढे छापखान्यात जुळवले गेले. जाधव हे आडनाव तीन-चार तऱ्हांनी सापडते, ‘राव’ कधी नावाला चिकटलेला तर कधी वेगळा शब्द म्हणून येतो, आणि कित्येकदा आडनावच नसते. फक्त शिपायाचे आणि बापाचे नाव असते. म्हणून आडनावावरून न शोधता पलटणीवरून शोधावे, त्या पलटणीची संपूर्ण यादी उतरवून घ्यावी आणि अधिक माहितीच्या रकान्यात गावाचे नाव डोळ्यांनी धुंडाळावे. काम कंटाळवाणे आहे, पण हमखास आहे. एकाच नावाची दोन गावे असतील तर तालुका पाहिल्याशिवाय नाव आपले म्हणू नये.

दुसरे साधन दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील युद्धदैनंदिन्यांना जोडलेल्या हताहतांच्या याद्या. ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर यांतील बऱ्याच गोष्टी पाहता येतात.

परत आलेल्यांसाठी असा एकच ठिकाणचा साठा मी पाहिलेला नाही. पंजाबातील भरतीच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात टिकून राहिल्या आणि त्यांत सुमारे ३,२०,००० सैनिकांची माहिती आहे. आपल्याकडे त्या तोडीचे काही हाती लागलेले नाही. त्यामुळे परतलेल्यांचा शोध गावातूनच घ्यावा लागेल. जुने फेरफार, निवृत्तिवेतनाची पुस्तके आणि युद्धातील कामगिरीबद्दल काहींना मिळालेल्या ‘जंगी इनामा’च्या सनदा घरोघरच्या ट्रंकांत सापडू शकतात.


सुभेदार (निवृत्त)

जुनी दप्तरे यांनी उत्तम सांगितले आहे. मी पलटणींविषयी थोडी भर घालतो, कारण पलटणच ठाऊक नसेल तर ती यादी पुढे सरकत नाही.

त्या वेळी मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ च्या पुनर्रचनेत त्या सर्व एका रेजिमेंटमध्ये आल्या. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी आणि ११४ ला प्रशिक्षणाची बटालियन करण्यात आले. त्यामुळे घरात कोणी ‘आजोबा तिसऱ्या मराठ्यात होते’ असे सांगत असेल तर महायुद्धाच्या यादीत ११० पाहावी. याखेरीज खडकीचे सॅपर्स, म्हणजे पूल-रस्ते बांधणारे सैनिक, रेल्वे आणि खेचरांच्या तुकड्या, डोलीवाले, पखालवाले, स्वयंपाकी यांतही आपल्या भागातील माणसे होती. शिळेवरच्या ‘गेलेल्या’ आकड्यात अशी माणसेही धरलेली असू शकतात, हे लक्षात ठेवावे. फक्त बंदूकधाऱ्यांच्या याद्या पाहून आकडा जुळणार नाही.

ही माणसे कोठे गेली, हेही गावाला सांगितले पाहिजे, कारण ‘बसरा’ या एका शब्दाखाली फार मोठी वाटचाल दडलेली आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये फावच्या किनाऱ्यावर जी फौज उतरली ती सहावी, म्हणजे पुण्याची डिव्हिजन होती. तिने त्याच महिन्यात बसरा घेतले, एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई मारली आणि नदीच्या काठाने वर सरकत ती नोव्हेंबरात बगदादच्या दाराशी, टेसिफॉनला पोहोचली. तेथे माणसे इतकी पडली की माघार घ्यावी लागली. पुढे कुत-अल-अमारा या गावी डिसेंबर १९१५ मध्ये ती तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शस्त्रे ठेवली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. शिधा संपत आल्यावर घोडे कापण्यात आले, तेव्हा हिंदी शिपायांनी पुष्कळ दिवस ते मांस नाकारले आणि मूठभर पिठावर दिवस काढले. त्यामुळे स्कर्व्हीने त्यांचे फार हाल झाले. शरणागतीनंतर कैद्यांना उन्हातून पायी उत्तरेकडे नेले आणि हिंदी शिपायांपैकी अनेकांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. ते ठिकाण आज सीरियात आहे. आपल्या गावच्या एखाद्याची मृत्युतारीख मे १९१६ नंतरची असेल आणि पलटण या तिघींपैकी असेल, तर तो बहुधा कैदेत वारला असे समजावे. मात्र याच पलटणींसाठी नवी भरती होऊन त्या पुन्हा उभ्या राहिल्या होत्या, म्हणून केवळ तारखेवरून निकाल देऊ नये. युद्धाच्या अगदी अखेरीस, ऑक्टोबर १९१८ मध्ये, ११४ मराठे शरकतच्या लढाईत होते. रेजिमेंटच्या इतिहासात त्या लढाईला मोठा मान आहे.

घरोघर विचारताना पदकांबद्दल जरूर विचारावे. युद्धपदक चांदीचे असते आणि त्याच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जेथे खाचा असतात त्या जागी, शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटवलेली असते. लोक समोरचा राजाचा मुखवटा पाहतात आणि कड पाहतच नाहीत. पदक उजेडात तिरके धरून भिंग लावले की सारे वाचता येते. तेच पदक ब्राँझचे असेल तर ते पलटणीबरोबर गेलेल्या कामकऱ्यांपैकी कोणाचे तरी आहे, असे समजावे. १९१४-१५ चा तारा असेल तर नाव मागच्या बाजूला मिळेल आणि तो शिपाई युद्धाच्या पहिल्या टप्प्यातच समुद्रापार गेला होता, हेही कळेल. दुष्काळात आणि लग्नकार्यात कित्येकांनी चांदीची पदके सोनाराला मोडीत घातली, म्हणून पदक नाही याचा अर्थ माणूस गेला नव्हता असा होत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत स्पष्ट आहे. मूळ शिळेत गेलेल्यांचा आकडा आधी आहे आणि मेलेल्यांचा नंतर. तोच क्रम ठेवून दोन्ही नावे घ्यावीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान या महायुद्धात कामी आले. त्या गावात पलटणीची परंपरा एवढी टिकली की गावाच्या नावामागे ‘मिलिटरी’ लागले, आणि ती टिकवली ती परत आलेल्यांनी, पुढच्या पिढीला भरतीला नेऊन.


घाटमाथा

मी तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो टाळून फलक लावला तर पुढच्याच ग्रामसभेत तो पुन्हा उभा राहील.

‘हुतात्मा’ हा शब्द वापरू नये, असे माझे मत आहे, आणि त्यात त्या माणसांचा कमीपणा करण्याचा हेतू मुळीच नाही. आपल्याच जिल्ह्यात १९४२ च्या चळवळीत गोळ्या झेललेल्यांची स्मारके आहेत. शिराळा-वाळव्याच्या माणसाला प्रतिसरकार वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्या सत्तेविरुद्ध त्यांनी प्राण दिले, त्याच सत्तेच्या फौजेतून पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हे गेले होते. दोघांना एकच शब्द लावला की दोघांचीही हकिकत खोटी होते. ‘देशासाठी’ हाही शब्द मला खटकतो.

‘स्वयंसेवक’ किंवा ‘स्वेच्छेने गेलेले’ असे लिहावे, अशी सूचना कोणीतरी करेल. तीही जपूनच स्वीकारावी. कायद्याच्या भाषेत पाहिले तर हिंदी फौज पूर्णपणे स्वेच्छेची होती. १९१७ च्या कायद्याने सक्ती आली ती फक्त हिंदुस्थानात राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर, हा इतिहासातला एक गमतीचा भाग आहे. पण त्याच वर्षापासून प्रांतांना भरतीचे उद्दिष्ट ठरवून दिले जाऊ लागले आणि ते उद्दिष्ट कलेक्टरकडून मामलेदाराकडे, मामलेदाराकडून पाटलाकडे उतरले की कोणाची इच्छा कोठे संपते, हे सांगणे कठीण आहे. पंजाबात तर या भरतीत किती जुलूम झाला हे पुढे काँग्रेसच्या चौकशीत उघड झाले. इकडे राजकारणही तापलेले होते: १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत स्वराज्याचा मुद्दा काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी टिळकांना बोलू दिले नाही आणि ते सभात्याग करून निघून गेले. टिळकांचा भरतीला विरोध नव्हता. हक्कांवाचून भरती, यालाच विरोध होता. आणि या सगळ्याच्या खाली साधे पोट होते. डोंगरी, पावसाच्या भरवशाची जमीन, भावाभावांत तुकडे झालेली, आणि समोर दरमहा ११ रुपये रोख. कोणी पोटासाठी गेला असेल, कोणी घराण्याची रीत म्हणून, कोणी पाटलाच्या शब्दाखातर, तर कोणी निव्वळ मुलुख पाहण्याच्या हौसेने. शंभर वर्षांनी आपण त्यांच्या मनात शिरून एकच हेतू त्या सर्वांवर कोरू नये.

माझी सूचना अशी आहे की नव्या फलकावर कोणतेही विशेषण नसावे. ‘१९१४-१९१९ च्या महायुद्धात या गावातून गेलेले’ आणि ‘त्यांपैकी परत न आलेले’, एवढे दोन मथळे पुरेत. त्याखाली नाव, वडिलांचे नाव, पलटण आणि मृत्यूचे ठिकाण द्यावे.


सुभेदार (निवृत्त)

विशेषण नको, हे मान्य. मात्र एक गोष्ट नम्रपणे नोंदवतो. शिपाई ज्या झेंड्याखाली गेला तो झेंडा त्याने निवडलेला नसतो. शेजारच्या माणसाला सोडून न पळणे एवढेच त्याच्या हातात असते. कुतच्या वेढ्यात आमच्या पलटणींनी ते केले. त्यासाठी ‘हुतात्मा’ हा शब्द लागत नाही, पण म्हणून त्यांना नुसते ‘पोटार्थी’ ठरवून मोकळे होणेही मला मान्य नाही. घाटमाथा यांनी तसे म्हटलेले नाही, हे मी जाणतो. गावातल्या वादात मात्र ते म्हटले जाईल.


दाभोळखाडी

वरची चर्चा वाचून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या. माझे माहेर दापोली तालुक्यात आहे आणि सासर खेडला. दोन्हीकडे पलटणीचे पेन्शनर पिढ्यान्‌पिढ्या होते.

पहिली गोष्ट अशी की, नावे शोधायला निघालेली मंडळी बहुतेक वेळा पाटलाच्या वाड्यापासून सुरुवात करतात आणि गावठाण संपले की थांबतात. तसे करू नये. महार समाजाची सैन्यसेवा कंपनीच्या काळापासूनची. पण १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून आमच्या दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जविनंत्या केल्या. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला ती बंदी उठवावी लागली आणि १९१७ मध्ये ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली. गरज संपताच, १९२१ च्या सुमारास, ती मोडलीही. वर सुभेदारसाहेबांनी दिलेल्या सहा आकड्यांत हा सातवा आकडा जरूर मिळवावा. आपल्या गावच्या शिळेवरच्या संख्येत बौद्धवस्तीतली, चर्मकार आणि रामोशी घरांतली माणसे असू शकतात, आणि त्यांतली अनेक घरे आता मुंबई-पुण्याला गेलेली असतील. त्यांच्यापर्यंत पोहोचल्याशिवाय फलकाचा मजकूर छापायला देऊ नये, कारण एकदा दगडावर कोरले की राहिलेले नाव मागाहून घालायला कोणी फिरकत नाही.

दुसरी गोष्ट घरातल्या वस्तूंची. आमच्या सासरी देवघरात, टाकांच्या शेजारी, तळहाताहून थोडी मोठी अशी एक गोल ब्राँझची तबकडी होती. तिच्यावर हातात वर्तुळ धरलेली एक उभी बाई आणि पायाशी सिंह आहे. सगळे तिला देवीच समजत. सणावाराला तिला चिंचेने घासून हळदकुंकू वाहिले जाई. त्या बाईच्या समोर एक चौकट आहे आणि तिच्यात उठावाच्या अक्षरांत आमच्या घरातल्या एका पुरुषाचे नाव आहे. महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला सरकारने ही तबकडी पाठवली होती, हे मला फार उशिरा कळले. ती बाई म्हणजे ब्रिटानिया. तिच्यावर हुद्दा किंवा पलटण नसते, फक्त नाव असते. ते वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत झालेले असते, तरी बोटाने चाचपले की लागते. म्हणून घरोघर जाताना ‘काही कागद आहेत का’ असे विचारण्याऐवजी ‘देवघरात किंवा कोठीत इंग्रजी अक्षरांची काही धातूची वस्तू आहे का’ असे विचारावे, आणि ते घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारावे. पुरुषांना पलटणीचा अभिमान असतो, पण कोणाची चुलत पणजी पांढऱ्या कपाळाने राहिली आणि तिला पेन्शन कोठून येई, हे बायकांनाच ठाऊक असते. एका घरात तर विधवेच्या पेन्शनवरून दिरांशी झालेल्या भांडणामुळेच गेलेल्याचे नाव टिकून राहिलेले मी पाहिले आहे.


दगडूपाथरवट

नावांवर जाणकार बोलले आहेत, मी शिळेपुरते लिहितो. संगमरवर चुन्यात बसवलेला असेल तर समोरून छिन्नी मारू नये, कोपरे उडतात. चारी बाजूंनी भिंतीचा चुना करवतीच्या पात्याने मोकळा करत जावे आणि मागून आधार देऊन शिळा काढावी. मीटरच्या फळीचे खिळे उपटू नयेत, डोकी कापून काढावीत. नेताना शिळा आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवावी, कारण आडवी ठेवली की मधोमध तडकते. चुन्याचे थर काढायला तेजाब बिलकुल लावू नये. तेजाब चुन्याबरोबर संगमरवरही खाते. पाणी, मऊ ब्रश आणि बांबूची कामटी एवढ्याने हळूहळू निघतात. आणि कृपा करून अक्षरांत सोनेरी ऑइलपेंट भरू नका.


वारणाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दाभोळखाडीताई, आपल्या सूचनेप्रमाणे आम्ही वस्तीवस्तीतून विचारणा सुरू केली आहे आणि पहिलीच वस्तू बौद्धवस्तीतून निघाली: ब्राँझचे पदक, कडेवर नाव आणि मजुरांच्या तुकडीचा उल्लेख असलेले. ते घर आता मुंबईत असते; गावच्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडे होती, त्यांनीच फोन लावून परवानगी घेतली आणि फळीवरचा डबा उघडून दाखवला.

‘वाळवे’ आणि ‘सातारा’ असे शोधल्यावर आमच्या गावच्या नावाची काही माणसे सापडली. त्यांतील दोघे ११७ मराठ्यांतले आहेत. परंतु सापडलेल्या मृतांची संख्या शिळेवरच्या आकड्यापेक्षा कमी भरते आहे. ग्रामसभेने ‘हुतात्मा’ हा शब्द न वापरण्याचे मान्य केले, पण त्यावर दोन तास गेले. गेलेले आणि परत न आलेले, असे दोन्ही घ्यायचे ठरले आहे. आता प्रश्न असा की आकडा जुळेपर्यंत फलक थांबवावा काय? इमारतीचे उद्घाटन जवळ आले आहे आणि काही मंडळींना त्याच दिवशी सर्व उरकायचे आहे.


जुनी दप्तरे

उद्घाटनाला मूळ शिळा लावावी आणि नावांचा फलक मागाहून लावावा. दोन्ही एकाच दिवशी झाले पाहिजे असे काही नाही.

आकडा न जुळण्याची कारणे अनेक असू शकतात. नोंदीत गावाऐवजी जवळच्या मोठ्या गावाचे किंवा टपालाच्या ठिकाणाचे नाव लागलेले असते; एखादा शिपाई मराठा पलटणीत नसून सॅपर्समध्ये किंवा वाहतुकीच्या तुकडीत असतो; एखादा सेवेतून सुटून घरी आल्यावर, १९१८ च्या मानमोडीत म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत वारलेला असतो, गावाने त्याला युद्धात गेलेला म्हणून मोजलेले असते आणि सरकारी यादीत तो बसत नाही. गावाबाहेर राहणाऱ्या वाड्या त्या वेळी एकाच पाटीलकीखाली असल्यास त्यांचीही माणसे त्या आकड्यात असतील, म्हणून आज स्वतंत्र ग्रामपंचायत असलेल्या आपल्या जुन्या वाड्यांची नावे घालूनही एकदा शोध घ्यावा.

तोपर्यंत ज्यांची नोंद पलटण आणि वडिलांच्या नावासह जुळली आहे, तेवढीच नावे एका कागदावर टंकून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावून ठेवावीत आणि खाली हरकती व माहिती कोणाकडे द्यावी ते लिहावे. आपल्या नावात चूक आहे म्हणून भांडायला येणारा माणूस हाच या कामातला सर्वांत उपयोगी साक्षीदार असतो. त्याच्याकडून आणखी दोन नावे हमखास कळतात. मजुरांच्या तुकडीतील त्या पदकाच्या कडेचा स्पष्ट फोटो येथे टाकता आला तर तुकडीचा क्रमांक वाचून पुढची यादी कोठे पाहावी ते सांगतो.